फेर्मिनचा लाल ट्रक

वांता, ३ मे

चि. फेर्मिनास दादाचे अनेक आशीर्वाद.

सणाला आलो, भरपेट जेवलो आणि जळत घरी परतलो. गावजेवणाचा यजमान तू, बँड एक नाही दोन, वर दारात नवा लाल ट्रक! मी पाठीवर पावाच्या टोपल्या वाहून भट्टी उभारली, तरी तुझी वहिनी विचारते, धाकट्याला जमतं ते तुम्हाला का नाही जमत? म्हटलं, बाई, त्याला काका आहेत.

डोंगरातल्या बंदूकवाल्यांना तुम्ही लाडानं काका म्हणता. पाव विकताना कान उघडेच असतात माझे. तुझ्या कोकाच्या पानांचा लगदा कोकेनवाल्यांकडे जातो, वाटेवर राखण काकांची, आणि त्यांना मिळणाऱ्या हिश्श्यातून बाँब न् बंदुका. सगळं कळतं, तरी मेला तो ट्रक डोळ्यांपुढून हलत नाही.

आमचा रुफिनो शिपाई होऊन तुमच्याच खोऱ्यातल्या लष्करी चौकीवर आलाय. पुतण्याला भेट. ट्रक मात्र दाखवू नकोस.

लोभ आहेच, हेवा जरा जास्त.
सातुर्निनो

---

१९ मे

ति. दादास फेर्मिनचा शि. सा. नमस्कार.

ट्रक हवा तर घेऊन जा, पण टोमणे पुरेत. मला तुझ्या भट्टीचा हेवा वाटतो. तिथं पावाला पहारा लागत नाही.

रुफिनोला ताबडतोब बोलावून घे. त्याची आई अंथरुणाला खिळली म्हणून कळव. वरच्या पुलापाशी काका काहीतरी पुरताना मी पाहिलं. रविवारी त्याची गस्त तिथूनच आहे. कुठं बोलू नकोस, माझी मुलंबाळं इथंच आहेत.

वहिनींना नमस्कार. कृपा असू दे.
फेर्मिन

---

वांता, २७ मे

फेर्मिन,

रुफिनो घरी आहे. त्याच्या गस्तीतली पोरं शवपेट्यांतून आली. आपल्या गल्लीतल्या कोन्सेप्सियोनचा मुलगा आल्बिनोही त्यांत.

आई चुलीशी उभी पाहून रुफिनो समजला. फक्त मलाच का बोलावलंत, एवढंच त्यानं विचारलं. तेव्हापासून भट्टीशीच बसून असतो.

काल कोन्सेप्सियोन मयताच्या जेवणासाठी पाव घ्यायला आली. म्हणाली, सातुर्निनो, तुझ्या बायकोचं दुखणं फार वेळेवर आलं रे बाबा. मग टोपली तशीच ठेवून भट्टीशी बसलेल्या रुफिनोकडे बघत राहिली. ती नजर मी लगेच ओळखली. तुझ्या ट्रककडे मी अस्साच बघत होतो.

पावाचे पैसे मला घेववले नाहीत.

सोमवारी सरकारी वकिलांकडे जाऊन ऐकलेलं सगळं सांगणार आहे. तुझं नाव आणि माझं गप्प बसणंही. तुझ्या बायकोला न् मुलांना त्याआधी इकडे पाठव, वरच्या खोल्या झाडून ठेवल्यात. तू आलास तर बरोबरच जाऊ.

लोभ असेल तर ये. ट्रक आणू नकोस.
दादा