सभासद नसलेल्यांचा फोन

२ जून, नांदेड
आज पुन्हा तेच. समीर सकाळपासून फोनवर. उदगीरचा कुणी क्लासवाला, पैसा देईना, नुसतं "समीरभाई, जरा बघा ना." आणि हा बघून राहिला. डबा तसाच. मी म्हणलं, ह्यानं आपल्याला काय दिलं? "दुआ दिली." मग दुआ घेऊन घरमालकाकडं जा म्हणलं, भाडं मागायला आलाय तो.

निम्म्या लातुरात आमचं 'पडताळा' सॉफ्टवेअर चालतं. पोरांनी गोल काळे केलेल्या उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, पडताळा गुण काढतं, आईबापाच्या मोबाईलवर निकाल जातो. कंपनी दोघांची, पण लिहिलं सगळं समीरनं आणि ठेवलं ओपन सोर्स. कुणीही घ्या, बदला, वाटा. माझ्या वाट्याला भाडं, लाईट बिल आणि लोकांच्या तोंडी लागणं.

दसऱ्यापर्यंत पैसे देणारे सभासद मिळाले नाहीत तर ऑफिस बंद. समीर हैदराबादला नोकरीला, मी भावाच्या खताच्या दुकानात काऊंटरवर. वहिनीच्या हाताखाली. मेले तरी नाही.

८ जून
साईटवर 'सभासद व्हा' बटण लावलं होतं. आज एक सभासद आला! ऑफिसात नाचले अक्षरशः. मग नाव वाचलं. अब्दुल करीम, देगलूर. समीरचे अब्बा. घड्याळं दुरुस्त करतात, कॉम्प्युटरला आजवर हात लावलेला नाही. पैसे समीरनंच भरले. "तुला बरं वाटावं म्हणून." मी हसले. लई हसले, चहावाल्यासमोर हसले. त्याचं तोंड उतरलं. उतरू दे.

१५ जून
लातूरहून परत. बिरादार सरांच्या क्लासचा वर्धापनदिन होता. तीन शाखा ह्यांच्या. पडताळ्यावर स्वतःचा फोटो लावून बारक्या क्लासेसना विकून राहिलेत. आयत्या बिळावर नागोबा. समीर म्हणतो, लायसन्समधी बसतं. बसतं, मान्य. मी गेले होते ते त्यांना सभासद करायला.

तर आधी स्टेजवर बोलावलं. शाल, नारळ, समीरला फेटा. "अशी निःस्वार्थ माणसं आपल्या मराठवाड्यातच हायत!" टाळ्या. मग चहाला मी विषय काढला. सर खरंच चकित झाले. नाटक नव्हतं ते.

"मॅडम, आत्ताच तर सत्कार केला की."

चुकलंच माझं. शाल अंगावर घेतली की मागायचं तोंड बंद, हे शेंबड्या पोराला कळतं. आपल्याकडं माणसाला वाटेला लावायचं तर त्याचा सत्कार करतात. खांद्यावर पडायच्या आधीच हात आडवा घालायला पाहिजे होता. समीर बसमधी नारळ मांडीवर घेऊन खुश. "लोक इज्जत देतात, वैशाली." इज्जतीची चटणी कर आणि खा म्हणलं.

२१ जून
सुचलं. आंघोळ करताना सुचलं.

सॉफ्टवेअर विकता येणार नाही, ते सगळ्यांचं आहे. विकायचा तो समीरचा फोन. सभासदाचा फोन पहिल्या रिंगला उचलायचा, परीक्षेच्या दिवशी तर नक्कीच. बाकीच्यांनी ईमेल करावा. वैद्य फुकट आहे तोवर वैद्याला कोण पैसे देतो?

समीर : "माणूस अडतो तवाच फोन करतो गं."
मी : "म्हणून तर."

संध्याकाळी फोनच आणून टेबलावर ठेवला. कंपनीच्या नावाचं सिम आहे, आता माझ्याकडं राहील, मीच ठरवीन कुणाचा घ्यायचा. एकच अट घातली त्यानं. चाकूरच्या गोविंद सरांचा फोन घ्यायचा, सभासद असोत नसोत. किराणा दुकानाच्या माडीवर क्लास त्यांचा, पण पडताळ्यातला शब्द न् शब्द त्यांनीच मराठीत आणलाय, एक पैसा न घेता. "वचन दे."

दिलं. त्यात काय.

१ जुलै
फोन वाजून राहतो, मी बघत राहते. पहिल्यांदा चहा गार व्हायचा, आता होऊ देत नाही. सभासद चार झाले. शिव्या चिक्कार. एक जण म्हणला, तुम्ही पण इतरांसारखेच निघाले. हो, निघालो. एवढे दिवस इतरांसारखं नव्हतो तर पोट भरत होतं का?

१३ जुलै
आज जे केलं ते इथं तरी खरं लिहिते.

समीर देगलूरला बहिणीकडं. बिरादार सर कामानं नांदेडला आलेले, ऑफिसात आले. सभासदत्वाचं ऐकून होते. खुर्चीत रेलून म्हणले, "कशाला पाहिजे मॅडम? आमचं तर चालून राहिलंय."

तेवढ्यात फोन वाजला. गोविंद सर, चाकूर.

मी फोन उचलून आमच्या दोघांच्या मधी टेबलावर ठेवला. नाव वर, त्यांना दिसेल असं.

"घ्या ना," सर म्हणले.
"सभासद नाहीत."

वाजत राहिला. थांबला. परत वाजला. बिरादार सर फोनकडं बघत होते, मी त्यांच्याकडं. "आज रविवार," मी म्हणलं. "परीक्षा असणार त्यांची. निकाल अडकला असेल." तिसऱ्यांदा वाजला तेव्हा सरांनी खिशातून स्वतःचा मोबाईल काढला आणि तिथंच तिन्ही शाखांचं वर्षाचं सभासदत्व भरलं.

ते गेल्यावर मी चाकूरला फोन लावायला पाहिजे होता. नाही लावला. पेढे आणायला गेले.

१६ जुलै
काय झालं ते चाकूरहून कळलं. स्कॅन करताना एक रांग सरकली. प्रत्येकाला आपल्या पुढच्याचे गुण. गोविंद सरांना शंका आली होती, पण फोन लागेना आणि खाली आईबाप थांबलेले, म्हणून निकाल पाठवून दिला. एका पोरीला बापानं रस्त्यातच मारलं. दुसऱ्याच्या गुणांसाठी. हुशार पोरगी म्हणे. सोमवारी पालक माडीवर चढले, फळा फोडला. निम्मी पोरं दुसऱ्या क्लासला गेली.

सेटिंगमधली एक खूण काढली असती की झालं असतं. समीरनं बोलता बोलता सांगितलं असतं.

गोविंद सर रागावलेसुद्धा नाहीत. समीरला म्हणले, "रेंज नसंल तुमच्याकडं." समीरनं माझ्याकडं पाहिलं. "आला होता का फोन?"

"नाही," मी म्हणलं.

२८ जुलै
चाकूरची बातमी लातूरभर झाली आणि सभासदांची रांग लागली. जाहिरातीत इतका दम नसतो. भाडं दिलं. वहिनीला फोन करून मुद्दाम सांगितलं. पोरीची आठवण येते मधीच. येते आणि जाते.

२ ऑगस्ट
बिरादार सर पुन्हा आले, ह्या वेळी समीर होता. माझं कौतुक करायची हौस आली त्यांना. "समीरभाई, मॅडमकडून शिका धंदा. चाकूरवाल्याचा फोन माझ्यासमोर तीनदा वाजू दिला. बोट लावलं न्हाई! तवाच म्हणलं, इथं पैसे भरायला हरकत न्हाई."

समीर उठला, त्यांना दारापर्यंत सोडून आला. मग बॅग भरायला लागला.

मी म्हणलं, "ओरड तरी."
"कशाला?"
"पडताळा नेता यायचं नाही. कंपनीचं आहे."
"मी कुठं नेऊन राहिलो? सगळं तिथंच हाय. तुझं तुझ्याकडं, माझं माझ्याकडं, गोविंद सरांचं त्यांच्याकडं. तसंच तर बनवलं होतं."

फोन मागितला नाही. डबा विसरून गेला. धुऊन ठेवलाय.

१९ ऑगस्ट
देगलूरहून दुसरं 'पडताळा' निघालंय. तोच कोड, अब्बांच्या दुकानात बसून. पहिल्या पानावर हे एवढ्या मोठ्या अक्षरात नवा नंबर आणि खाली, 'फोन करा. कुणीही.' मूर्ख. सहा महिन्यांत उपाशी मरेल. मला त्याचा इतका राग येतो की त्याचं पान दिवसातून चारदा उघडून बघते.

एक पोरगा ठेवलाय कोडसाठी. इंग्रजी लई फाडतो, काम शून्य.

६ सप्टेंबर
बिरादार सरांच्या तिन्ही शाखा सकाळपासून ठप्प. उद्या त्यांची मोठी परीक्षा. त्यांचा फोन पहिल्या रिंगला उचलला, नियमच आहे. पण उचलून काय सांगू? नव्या पोरानं दुपारपर्यंत डोकं खाजवलं आणि घरी जातो म्हणला.

शेवटी देगलूरला लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"बोला, कुठून?"
"नांदेड."

मागं घड्याळांची टिकटिक आणि अब्बांचा खोकला. मग, "हां, बोला. काय अडलंय?"

अहो-जाहो. मला. कॉलेजपासून अरे-तुरे आमचं.

सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं, कुठं काय बदलायचं ते एकेक करून लिहून घ्यायला लावलं, चालतंय का बघा म्हणला, चालेपर्यंत थांबला. चाललं. टोमणा नाही, काही नाही. उदगीरवाल्याशी बोलायचा तसाच बोलला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी म्हणलं, "समीर, परत ये ना रे."

"दुसरा फोन येऊन राहिलाय. कुणीतरी अडलंय. ठेवू का?"

ठेव म्हणलं.

बिरादार सरांना मेसेज केला, आमच्या टीमनं काम केलं. सर खुश. ओळखीच्या आणखी पाच क्लासेसना सभासद करतो म्हणले. खाली एक ओळ : 'समीरभाई हायत ना अजून तुमच्याकडं? त्यांच्याच भरवशावर भरून राहिलेत सगळे.'

'हो' असं टाईप करून ठेवलंय. पाठवलं नाही अजून.