घरटी एक

१४ जाने. ६३
तळोद्याहून टपाल. संस्थेने छापील तक्ता धाडलाय, 'केंद्राची वाढ'. गेल्या वर्षी रोजची मुलं किती, यंदा किती. साहेब स्वतः येऊन मोजणार. वाढ नसेल तर माझी बालवाडी बंद, आणि मी परत शहाद्याला, आईजवळ. आई नवसच बोलली असेल! पण गेल्या वर्षी ३१, यंदा चाळीसच्या खाली येत नाहीत. भ्यायचं काय?

२२ जाने.
साहेब परवा येणार. कारभारी रुपसिंगदादांना म्हटलं, पाड्यापाड्यावर निरोप धाडा, सगळ्या घरांनी यायचंय. एरवी मुलं आपली आपण येतात, निरोप कधी धाडला नव्हता. यंदा शहाणपणा सुचला मला! ओटा सारवला.

२४ जाने.
फजिती. एकवीस! त्यातले एक म्हातारबा, खांद्यावर घोंगडी, पोरांत मांडी घालून.
साहेब म्हणाले, "बाई, ही तर घट." मी हजेरीवही पुढे केली. "वह्या सगळेच भरतात. मी डोकी मोजतो." रडूच येत होतं.
तेवढ्यात रुपसिंगदादा, खुशीत. "बाई, एक बी घर चुकनं नही!" मी चिडले, बाकीची पोरं कुठायत? "घरमाइन एकच येस ना! तू निरोप धाडा ना!"
निरोप गेला की घरटी एक. लग्न असो, पंचायत असो. म्हातारबांचा नातू तापाने पडलाय, घर चुकू नये म्हणून आजा आला. कपाळ माझं!
साहेब मात्र हसले. मग विचारलं, "गेल्या वर्षी किती घरं होती?" वही उघडून दोघांनी मोजली. तेरा. तक्त्यात घरांचा रकानाच नाही. साहेबांनी समासात पेन्सिलीने लिहिलं, 'घरं: १३, यंदा २१', पुढे प्रश्नचिन्ह. "वर विचारतो," म्हणाले.

१ फेब्रु.
उत्तर नाही. आज ४३. तरी मजेत आहे, का कोण जाणे. आईला लिहिलं, माझी खोली इतक्यात झाडू नकोस.

६ फेब्रु.
उत्तर नाहीच. म्हातारबा आजही हजर, त्याच जागी. म्हटलं, "बाबा, नातू बरा झाला की!"
"झाया ना. तो बी ऊना."
नातू पलीकडे बसून दात काढत होता.
तक्त्यात वय सहापर्यंतच. मी म्हातारबांचं नाव वहीत लिहिलं, सगळ्यात खाली. पेन्सिलीने.