आईची पांढरी ओढणी

जनवाडा, १६ सप्टेंबर

योगीराज,

उद्या इथल्या शाळेत मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला वाचायला तू गुलबर्ग्याहून भाषण लिहून पाठवलंस. वर फोनवर म्हणालास, "अक्का, आईचं काढू नको, माझ्या तेजश्रीची सोयरीक जमायलीय." आईला जाऊन महिना झाला नाही, आणि तुला व्याह्यांची भीती!

अठ्ठेचाळीस साली निजाम शरण आल्याचं रेडिओवर ऐकून आईच्या अब्बांना वाटलं, लढाई संपली, शरण आलेल्याला कोण मारतं? त्यांनी दारावर पांढरं कापड बांधलं. ती सहा वर्षांच्या आईची ओढणी होती. त्याच खुणेवरून जमावानं घर शोधलं. आपल्या आजीनं पोरीला कुंकू लावून भावाची लेक म्हणून लपवलं, पुढे सून केली, नाव पद्माबाई ठेवलं.

शेवटच्या दिवशी आई मला विचारत होती, "मी ओढणी दिली नसती, तर अब्बा वाचले असते का गं?"

कॉन्व्हेंटात शिकलेली, जन्मभर पोरांना शिकवलेली मी तिचं पांघरूण नीट करत बसले.

तुझं भाषण उद्या वाचीन. हे पत्र टाकणार नाही. पोरीचं लग्न मोडायला नको.

सलीमाची लेक,
मंदाकिनी