दुमडलेले कोपरे

मंगळवार, ता. ९

ती. वहिनी,

नमस्कार. अक्षर ओळखून पाकीट बाजूला टाकू नका, एवढं वाचा. चार महिने तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून शाळेनंतर पहिल्यांदाच पत्र लिहायला बसलेय. आम्ही बरे आहोत. ह्यांचा गुडघा पुन्हा कुरकुरतोय, तरी धडाधड जिने चढायचा हट्ट काही सुटत नाही. भाऊजींना बदलीचं गाव मानवलं का? तिथल्या स्वयंपाकघरात ओव्हन ठेवायला जागा आहे का?

केकचं काम बरं चाललंय. म्हणजे, चाललं होतं.

तुम्ही गेल्यावर मी तुमचा तो बुटांचा खोका उघडला. तीनशे बारा चिठ्ठ्या! कुठे बिलाच्या पाठीमागे, कुठे औषधाच्या पुडीवर. आणि अहो, काय एकेक नोंदी! ‘लाल दार, कुत्रा चावतो, क्रीम कमी.’ ‘चष्मेवाली, फार बोलते, दुपारी फोन करू नये.’ सात वर्षं मी ओव्हनपाशी आणि तुम्ही दाराशी नि फोनपाशी. त्यामुळे गिऱ्हाइकं मला केकवर लिहायच्या नावांपुरतीच माहीत. तीन आठवडे मान मोडून सगळं कॉम्प्युटरमध्ये भरलं. नाव, नंबर, पोराची जन्मतारीख, आवडता रंग, मागच्या वर्षी काय नेलं. बटण दाबलं की पुढच्या महिन्यातले वाढदिवस ओळीने हजर. तुम्हाला बोलावून दाखवावं असं फार वाटलं. खोटं कशाला बोलू, तुमची जिरवावी असं वाटलं.

आपलं भांडण त्यावरूनच झालं ना. तुम्ही म्हणायच्या, “माझ्या लक्षात आहे सगळं.” आणि मी म्हणाले, “उद्या तुम्ही नसलात तर?” मला बदलीबद्दल म्हणायचं होतं, तुम्ही भलतंच ऐकलंत. आता हेही पूर्ण खरं नाही. मला ते काम एकटीच्या हातात हवं होतं. तुम्ही खोका माझ्यासमोर ठेवून “घे” म्हणालात, आणि मी घेतला.

मग मी आणखी एक शहाणपणा केला. वाढदिवसाच्या दहा दिवस आधी घरोघर आपोआप मेसेज जाईल अशी सोय करून घेतली. वयसुद्धा कॉम्प्युटरच मोजतो. ‘तुमची लाडकी यंदा इतक्या वर्षांची होणार! केक ठरला का?’ पहिल्याच महिन्यात ऑर्डरी दुप्पट. ह्यांनी पाठ थोपटली, मी हवेत.

गेल्या शुक्रवारी एक बाई दारात आली. ती गणवेश शिवणारी, तुम्ही ओळखता. मी “या ना” म्हणतेय तोवर तिने फोन माझ्या डोळ्यांपुढे धरला. ‘तुमची लाडकी यंदा नऊ वर्षांची होणार!’

“नऊ,” ती म्हणाली. “मी मोजलंच नव्हतं. ती सहावरच राहिली हो.”

आणि वहिनी, आता जे लिहायचंय त्याच्याच भीतीने चार दिवस पेन हातात धरवत नव्हतं. मी तिची माफी मागितली नाही. मी म्हटलं, “ही माहिती आमच्या मोठ्या जाऊबाईंनी ठेवलेली. त्यांनीच चुकीची लिहून ठेवलीय.” तोंड वर करून म्हटलं. सगळं खापर तुमच्यावर फोडून मोकळी झाले. ती “बरं” म्हणाली आणि गेली.

मेसेज मी त्याच दिवशी बंद केले. पण जेवण जाईना. ह्यांच्यावर उगाच खेकसले. शेवटी काल तिच्या घरी गेले. ती मशीनवर बसली होती, पाय काही थांबवले नाहीत. मी म्हटलं, “चूक माझी आहे. वहिनींचं नाव मी उगाच घेतलं.”

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “ऑर्डर रद्द करायला मी आले होते ना, तेव्हा त्यांनी एका शब्दाने काही विचारलं नाही. खोक्यातून माझी चिठ्ठी काढली, माझ्यासमोर तिचा कोपरा दुमडला आणि म्हणाल्या, ‘आता ह्या घरातून तुम्हाला केकचं कुणी विचारणार नाही.’”

वहिनी, मला तेव्हा आठवलं. काही चिठ्ठ्यांचे कोपरे दुमडलेले होते. गठ्ठे नीट बसेनात म्हणून मी ते अंगठ्याने दाबून दाबून सरळ केले. वर तुमच्या अव्यवस्थितपणाला नावं ठेवली. किती होते? दहा? वीस? मोजले नाहीत. जे लिहिलेलं होतं ते सगळं भरलं, दुमडलेलं भरायला माझ्याकडे रकानाच नव्हता. आणि काम झाल्यावर खोका रद्दीत दिला. हो, दिला. तुमच्या सात वर्षांच्या चिठ्ठ्या, तुम्हाला न विचारता.

आता कुणाचाही फोन आला की पोराचं नाव विचारताना माझी जीभ अडखळते. सोबत तीनशे बारा नावांची यादी आहे. कुणाकुणाला विचारायचं नाही, त्यांच्यापुढे खूण करून पाठवा. तुमच्या लक्षात आहे सगळं, हे मी आता मान्य करते. माझ्यासाठी नको, त्या घरांसाठी करा. मला चार शब्द सुनवायचे असतील तर त्याच कागदावर सुनवा, जागा सोडलीय.

एक राहिलंच. मी उठले तेव्हा तिने मशीन थांबवलं. म्हणाली, दरवर्षी त्या तारखेला दुपारी तुमचा फोन येतो. दहा-पंधरा मिनिटं तुम्ही दोघी तिच्या लेकीबद्दल बोलता. लेकीने केकवर हिरवा हत्ती मागितला होता आणि हत्ती कापू द्यायला तयार नव्हती, ते. “आमच्या घरात आता तिचं नावसुद्धा कुणी घेत नाही,” म्हणाली. “वहिनी घेतात.”

ह्यातलं मला काहीच माहीत नव्हतं. एका घरात राहून.

आकडे तुमच्या कधीच लक्षात राहत नाहीत, तुम्ही चिठ्ठी बघून फोन लावायच्या. म्हणजे तिचा नंबरही मीच रद्दीत घातला. मी तिला विचारलं, “यंदा मी करू का फोन?”

ती म्हणाली, “तुम्ही तिला कुठे ओळखता?”

रविवारी चौदा तारीख आहे. पत्र कुरियरने गुरुवारपर्यंत पोचेल. नंबर यादीच्या वर लाल शाईने लिहिलाय, दोनदा पडताळून. माझा फोन उचलू नका, पण तिला करा.

तुमची जाऊ,
अजून तसं म्हणू देत असाल तर