डाव्या अंगठ्यासाठी

बाबा,

तुमचा घडीचा चाकू कामाच्या टेबलावर ठेवलाय. न विचारता खोलला, काय ओरडायचं ते संध्याकाळी ओरडा.

परवा तुम्ही तो दातांनी उघडत होतात, मी दारातून पाहिलं. उजवा हात साथ देत नाही, हे मला सांगायचं तरी!

पातं उघडायची खुंटी आता डाव्या अंगठ्याच्या बाजूला बसवलीय, स्क्रूही जरा सैल केलाय. पहिल्यांदा पातं उलटं बसलं, हसू नका. मुठीवरची तुमच्या अंगठ्याने झिजलेली जागा मात्र तशीच ठेवलीय.

माझ्या डावखुरेपणासाठी तुम्ही शाळेत बाईंशी भांडला होतात. आता तुमचा डावा हात मी तयार करते.

येताना सफरचंदं आणते. नेहमीसारखं तुम्हीच कापून द्यायचं. वेडंवाकडं चालेल.

— ठमी