पेन्सिलची फुली

अमरावती, शुक्रवार, संध्याकाळ

अकोल्याच्या दवाखान्यातून परत येऊन तास झाला. पीएचडीसाठी मला भास होणाऱ्या रुग्णांच्या मुलाखती हव्यात. अकरा झाल्या. संमतिपत्रावर सही करायच्या जागी मी आधीच पेन्सिलने फुली मारून ठेवते, बँकेत मारतात तशी. लोक फुली बघतात आणि सही करतात. काम झटपट. किती हुशार मी!

आज बाराव्या सुनंदाताई. तेल्हाऱ्याच्या, शिवणकाम करतात, कानात आवाज येतात. पेन हातात धरून थांबल्या. म्हणाल्या, "मॅडम, मी सही नाई केली तं डॉक्टर मले गोया देतीन ना?"

नकार दिला तरी उपचार थांबणार नाहीत, हे त्या कागदावर तिसऱ्याच ओळीत आहे. मी वाचून दाखवलं. आज पहिल्यांदाच.

"मंग नाई करत," त्या म्हणाल्या. "माह्या डोक्यातलं माह्यापाशीच राहू द्या." आणि किती मोकळं हसल्या.

मग आधीचे अकरा जण? त्यांनाही गोळ्यांचीच धास्ती होती का? गाइड म्हणतील, सह्या आहेत ना, झालं. आहेतच. आत्ता ते कागद पुन्हा काढून बघितले. प्रत्येक सहीखाली माझी फुली दिसते.

सोमवारपासून एकेकाला गाठायचं. नवा कागद, फुली नसलेला, आणि सगळा वाचून दाखवायचा. कुणाचा हात थांबला, तर थांबू द्यायचा.