मोटारीवरचा चिमटा

आल्शेर बेट,
गुरुवार, १४ जून १९८४

प्रिय रुनार भावजी,

त्या सकाळी वारा पश्चिमेचा होता आणि मी चादरी वाळत घालत होते. आधी कॉफी, मग कोंबड्या, मग धक्क्यावर मासे साफ करणं, मग कपडे. रोजचंच सगळं. आल्गोत जाळी नावेत भरत होता. तो ओरडला, "गुनवोर, नावेच्या मोटारीवर झाकण घाल गं, माझे हात बरबटलेत." मी झाकण घातलं, दोन्ही खटके लावले आणि परत दोरीकडे आले.

पण पत्र असं मधूनच सुरू करत नाहीत. तुम्ही बरे आहात ना? तुर्कूत उन्हाळा लागला असेल. गुडघा काय म्हणतोय? मी मजेत आहे, खरंच. बटाट्यांना फुलं यायला लागलीत, धक्क्याखाली बदकीण नऊ पिलं घेऊन हिंडते. वाचनालयाची बोट दर महिन्याला पुस्तकांची पेटी देते आणि मी ती दोन आठवड्यांत संपवते. मग कोंबड्यांच्या खाद्याच्या पिशवीवरचा मजकूर. आल्गोत म्हणायचा तसंच, "हिला वाचायला दिलं नाही तर ही भिंत वाचेल."

नाताळात तुमचं कार्ड आलं होतं. आत नुसतं नाव, बाकी काही नाही. मी उत्तर पाठवलं नाही. ते कार्ड मात्र कामी आलं, ते पुढे सांगते.

यंदा माझा उजवा खांदा वल्हं मारू देईना. दुकान तर सामुद्रधुनीच्या पलीकडे. म्हणून मे महिन्यात मी होडीघराच्या भिंतीवरून नावेची जुनी मोटार उतरवली. होय, तीच. तुमच्याशी भांडण झाल्यापासून आल्गोतनं तिला हात लावला नव्हता, जाईपर्यंत वल्हवत राहिला. मी आणि शेजारची योर्दिस, दोघींनी मिळून ती मासे धुरावण्याच्या झोपडीत नेली आणि पाण्याच्या पिंपावर बसवली. झोपडीतच का, तर रात्रीही उजेड असणाऱ्या या दिवसांत ठिणगी बघण्याइतका अंधार दुसरीकडे कुठे मिळतो? दार लावलं की तिथे भरदुपारीही काळोख.

मोटारीचं माहितीपुस्तक मी तीनदा वाचलं. स्पार्क प्लग काढायचा, वायरीला जोडून मोटारीच्या उघड्या लोखंडाला टेकवून धरायचा, दोरी ओढायची, निळी ठिणगी दिसते का बघायचं. योर्दिसनं प्लग धरला, मी डाव्या हातानं दोरी ओढली.

"आई गं!" ती किंचाळली. "ही मेली चावली मला!"

"म्हणजे ठिणगी आहे."

"आहे म्हणजे! दातापर्यंत आहे! पुढच्या वेळी तू धर, तू पुस्तक वाचलंयस."

ठिणगी होती, पण पिवळट आणि दुबळी. मी नवा प्लग घातला. मग वरच्या चाकाच्या भोकातून आतले ते दोन संपर्क बघितले, जे उघडतात आणि मिटतात. काळवंडले होते. ते जाडसर कागदाच्या पट्टीनं पुसायचे हे तुम्हीच आल्गोतला शिकवलं होतंत, मी शेजारी बटाटे सोलत ऐकत होते. घरात तसा कागद एकच होता. तुमच्या कार्डाची कड कापली आणि ती त्यांच्यामधून ओढली. तीनदा ओढल्यावर पट्टी काळी व्हायची थांबली. ठिणगी निळी झाली. चौथ्या झटक्याला मोटार चालू झाली आणि योर्दिस पिंपाभोवती नाचली.

मग मी झाकण घातलं, आणि मोटार बंद पडली.

झाकण काढलं, चालू. घातलं, बंद. योर्दिस म्हणाली, "चालव की मग उघडीच! तुझी मोटार तरुण दिसेल." मी हसले नाही. ती म्हणाली, "अगं, तोंड का पाडलंस? भूत बघितलंस का?"

त्यानंतरचे दोन आठवडे मी तपासत राहिले. पेट्रोल बदललं. ठिणगीला वीज पुरवणारी कॉइल पुसली. प्लग पुन्हा काढला, पुन्हा घातला. पुस्तकातल्या प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीनं खूण केली. बंद करण्याच्या बटणाची बारीक वायर मात्र मी बघितली नाही, कारण तिथे काय असणार ते मला माहीत होतं.

तुम्हाला तो दिवस आठवत असेल. तुम्ही नवी कॉइल बसवून गेलात त्याला आठवडा झाला होता. आल्गोत समोरच्या वाऱ्यात तीन तास वल्हवून घरी आला होता, हातांची सालं निघालेली. तुम्ही संध्याकाळच्या बोटीनं आलात. मी चुलीशी होते.

"दादा, कॉइल ठणठणीत आहे. आधी मला सांग, चिमटा कुठे गेला?"

"कसला चिमटा?"

"लाकडी. झाकणाखाली वायर दबू नये म्हणून लावला होता, चिकटपट्टी मिळेपर्यंत."

"म्हणजे माझी मोटार कपड्यांच्या चिमट्यावर चालते? वा रे मिस्त्री! आणि वर खोटं बोलतोस. नव्हता तिथे कुठला चिमटा."

तुम्ही टोपी उचललीत. कॉफी तशीच राहिली.

मी त्या वेळी काय करत होते? माशाच्या रश्शात मीठ घालत होते. चिमट्याचा आणि मोटारीचा संबंध मला तेव्हा कळला नाही, असं मी इथे आधी लिहिलं होतं. ती ओळ खोडली आहे, रेघेखाली दिसेलच तुम्हाला. कळला होता. त्या सकाळी उशीच्या अभ्र्याला एक चिमटा कमी पडला होता. झाकण घालायला वाकले तर मोटारीवरच एक दिसला. मला वाटलं, ह्या दोघा भावांनी नेहमीसारखा माझाच पळवला. काढला, अभ्र्याला लावला. झाकण दाबून बसवलं.

बोलले असते तर आल्गोत माझ्यावर ओरडला असता, तासाभरानं हसला असता. पण जेवण होऊ दे म्हटलं. मग रात्र जाऊ दे. मग आठवडा. जितके दिवस गेले तितकं ते जड होत गेलं. त्यानं तुम्हाला खोटारडा म्हटलं आणि दीड वर्षानं तो गेला, तरी तो शब्द तसाच राहिला. त्याच्या अंत्यविधीला चर्चमध्ये तुम्ही मागच्या बाकावर बसला होतात. नंतर मी तुम्हाला कॉफी दिली आणि पुढे सरकले.

परवा मी ती वायर बघितली. झाकणाची कड जिथे बसते तिथे रबर घासून गेलंय, आतली तार उघडी पडलीय. झाकण बसलं की तार लोखंडाला टेकते, म्हणजे बंद करायचं बटण दाबून धरल्यासारखंच. तुमची कॉइल ठणठणीत आहे, भावजी. त्या दिवशीही होती. तुम्ही खरं बोलत होतात. हे मी योर्दिसला सांगितलंय, आणि उद्या दुकानात सगळ्यांसमोर सांगेन. आल्गोतला सांगता येत नाही. त्याच्या जागी तुम्हाला सांगते, आणि माफी त्याच्याही वतीनं मागते.

उन्हाळ्याच्या सणाला आलात तर धुरावलेला मासा आणि गोड काळा पाव असेल. नाही आलात तरी मी समजेन.

शुक्रवार

काल इथे थांबले होते. आज उघड्या तारेला चिकटपट्टी गुंडाळली, वायर बाजूला घेऊन चिमट्यात धरली, झाकण घातलं आणि मोटारीनं दुकानात जाऊन आले. सांगितलं सगळ्यांना. मग कपडे धुतले. एक चिमटा कमी होता, म्हणून अभ्रा दोरीवर नुसताच टाकला.

तुमची वहिनी,
गुनवोर